सगळे पतंग डावीकडे ओढतात

बेरिल ऑर्मरॉडने एखाद्या पतंगाला सरळ चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. सेंट ॲन्सच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांना लागून माझी चहाची टपरी आहे, तिला यंदा एकतीस वर्षं झाली. पतंगवाले दर रविवारी तिच्यासमोरच जमतात. मी स्वतः आयुष्यात एकदाही पतंग उडवलेला नाही, आणि उडवणारही नाही. पण ऐकून ऐकून माझं इतकं शिक्षण झालंय की कुणाच्या पतंगाला काय दुखतंय हे मी पावाला लोणी लावता लावता सांगू शकते.

या पतंगांना दोन दोऱ्या असतात, दोन्ही हातांत एकेक. पेच नाही, काटाकाटी नाही. पतंगाला आकाशात कोलांट्या मारायला लावायच्या एवढाच खेळ, आणि त्यासाठी साठी उलटलेली माणसं वाऱ्यात उभी राहून नाक लाल करून घेतात.

बेरिल त्यांच्यातली सगळ्यात जुनी, आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची. शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं तिने तीनशे पोरांना जेवू घातलं. तिने "बटाटे कच्चे आहेत" म्हटलं की बटाटे कच्चे. मग हेडमास्तरांनी चाखून बघितले तरी कच्चेच. निवृत्त झाल्यावर तो दरारा तिने जसाच्या तसा किनाऱ्यावर आणला. पतंगाबद्दल बेरिल जे म्हणेल ते खरं, यावर कुणी वाद घालत नसे. मीही नाही, आणि मी तर वाद घालायला कायम तयार असते.

तिचा नवरा डेरिक गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. अगदी अबोल माणूस. माझ्याकडे चहा मागतानाही बोट वर करायचा. दोघं जोडीने उडवायचे. दोन पतंग शेजारी शेजारी, एकाच वेळी वळणारे, आकाशात कोरून काढल्यासारखे चौकोन. त्यांच्या घरात एकच नियम होता, आणि बेरिल तो अभिमानाने सांगायची: उडवायचं तिने, दोऱ्या त्याच्या. दोऱ्या धुणं, वाळवणं, त्यांना गाठी मारणं, दोन्हींची लांबी केसभरही कमीजास्त न होऊ देणं, हे सगळं डेरिकचं खातं. तिने कधी बोट लावलं नाही.

तिची एक बढाई मी निदान शंभर वेळा ऐकली असेल. आठ वर्षांपूर्वी शाळेत सांडलेल्या कस्टर्डवरून घसरून तिचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच रविवारी ती किनाऱ्यावर आली आणि पट्टीने आखल्यासारखा सरळ चौकोन काढला. "एवढंसं इकडेतिकडे नाही," ती सांगायची. "डेरिक म्हणाला, बघ बेरिल, हात विसरत नाही." आणि मग चहाचा कप असा खाली ठेवायची की बशी तडकली पाहिजे.

डेरिक जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतरही ती दर रविवारी यायची आणि एकटीच चौकोन काढायची. वर्षभर काढले, दोन वर्षं काढले, पाच वर्षं काढले. या वर्षी मे महिन्यात एके दिवशी पतंग उतरवून टपरीशी आली आणि म्हणाली, "कंटाळा आला गं. चौकोन दोघांनी काढायचा असतो. एकटीने काढला की नुसता भूमितीचा तास होतो."

तिला आता कसरती शिकायच्या होत्या, कारण कसरत एकट्याची असते. त्यातही तिला एकच हवी होती, जिला हे लोक फेड म्हणतात. पतंग नाक खाली करून येत असताना दोन्ही हातांनी एक झटका द्यायचा आणि लगेच हात पुढे टाकून दोरी सैल सोडायची. मग पतंग आकाशात पाठीवर झोपतो, पोट वर, नाक आपल्याकडे, आणि तसाच तरंगत राहतो. खालून बघताना वाटतं, कुणीतरी दुपारचं जेवून आडवं झालंय. सोपं दिसतं, पण दोन्ही हात अगदी सारखे सैल राहिले नाहीत तर पतंग कूस बदलतो आणि धाडकन वाळूत येतो.

बेरिलचा जुना पतंग चौकोनांसाठी केलेला, जड, ताठ. तो काही पाठीवर झोपणाऱ्यांतला नव्हता. म्हणून नवा घ्यायचा ठरला. इथपर्यंत सगळं मजेचं होतं. पण तिची मुलगी ॲलिसन डर्बीपलीकडे राहते, जिथून समुद्र जितका लांब तितका या देशात कुठूनच लांब नाही. ती सहा वर्षं आईच्या मागे लागली होती की इकडे ये, शेजारचा बंगला रिकामा आहे, बाग आहे, पाखरांना दाणे घालता येतील. बेरिलने या वेळी तिला शब्द देऊन टाकला. सप्टेंबरच्या पतंगमेळ्यापर्यंत फेड जमला तर विषय संपला. नाही जमला तर समजायचं की हात गेले, घर विकायचं आणि पाखरांना दाणे घालायला जायचं.

"पाखरं तुला आवडतात तरी का?" मी विचारलं.

"भाजून," बेरिल म्हणाली.

मग सुरू झाली पतंगाची निवड. मुली बघायला जाणाऱ्या सासवा मी पाहिल्यात, पण त्या बऱ्या. या किनाऱ्यावर दुसऱ्याचा पतंग मागायला कुणी लाजत नाही आणि द्यायला कुणी नाही म्हणत नाही. रीत एकच: पतंग दुसऱ्याचा चालेल, दोऱ्या आपापल्या. कसरतीत दोऱ्या एकमेकींवर घासून झिजतात, आणि प्रत्येकाला आपल्या दोऱ्यांचा लळा असतो. क्लाइव्ह म्हणतो, दोरी म्हणजे माणसाचा दात घासायचा ब्रश.

हा क्लाइव्ह बस चालवून निवृत्त झालेला. पहिला पतंग त्याचाच मागितला, कारण तो नवाकोरा होता, लाल, आणि क्लाइव्ह त्याच्याशी बोलताना मी ऐकलेलं आहे. बेरिलने आपल्या दोऱ्या लावल्या, पाच मिनिटं उडवला, फेडचा झटका दिला. पतंग पाठीवर पडला, क्षणभर थांबला आणि डाव्या कुशीवर वळून वाळूत आपटला. सहा वेळा तेच.

"डावीकडे ओढतो," बेरिल म्हणाली.

क्लाइव्हचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या पोराला कुणी तिरळं म्हटलं. पण बेरिलचा शब्द. तो घरी गेला आणि पुढचे दोन आठवडे पतंगाची कन्नी सोडत, सरकवत, परत बांधत बसला.

मग गिल्यनचा जांभळा पतंग. ही दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहून घेते, स्वभावाने इतकी मऊ की वाऱ्याचीही माफी मागते. तिचाही पतंग डावीकडे ओढत होता. तिने माफी मागितली आणि कन्नी बदलली. मग जून गेला, जुलै गेला, बेरिलने किनाऱ्यावरचे अकरा पतंग उडवून पाहिले. हलके, भारी, लांब पंखांचे, तोकड्या पंखांचे, महागडे, घरी शिवलेले. अकराच्या अकरा डावीकडे ओढत होते, आणि बेरिलचं ऐकून अकरा जणांनी आपापल्या कन्न्या सरकवल्या.

मला आपली म्हण आठवत होती, नाचता येईना अंगण वाकडं. पण बोलायची छाती होत नव्हती.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी वारा अजिबात नव्हता आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी बेरिल आली. चहा घेतला, प्यायली नाही. डावा हात टपरीच्या फळीवर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत बसली. नीट बरा झालेला हात, मजबूत, चौतीस वर्षं पातेली उचललेला.

"खरं सांग," ती म्हणाली. "खोट पतंगात आहे की माझ्यात?"

बेरिलला असं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी खोटं बोलते. म्हटलं, पतंगात.

"अकरा पतंगांत?" ती म्हणाली आणि उठून गेली. चहा तसाच राहिला.

आता उरला होता सिरिल थ्रेलफॉल. फ्लीटवुडच्या मच्छिमार बोटींची शिडं शिवण्यात त्याची हयात गेली, आणि आता ऐंशीव्या वर्षी तो मागच्या शेडमध्ये पतंग शिवतो. वर्षाला आठ-दहा. माणूस उडवतो कसा हे स्वतः बघितल्याशिवाय तो पतंग विकत नाही. दोघा-तिघांना त्याने परत पाठवलंय की आधी उभं राहायला शिका. डेरिकची आणि त्याची घट्ट दोस्ती. दोघं तासभर शेजारी बसायचे आणि चार वाक्यं बोलायचे. बेरिल त्याच्याकडे इतके दिवस गेली नव्हती, आणि का ते मला ठाऊक होतं. बाकीचे तिला घाबरायचे. सिरिल घाबरायचा नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तो स्वतःच आला. काखेत गुंडाळलेला एक पतंग, राखाडी, कडेला पिवळी पट्टी. बेरिलने आपल्या दोऱ्या लावल्या. सगळा किनारा आपापले पतंग खाली ठेवून बघत उभा राहिला. मीही टपरीच्या दारात आले, हातात लोण्याची सुरी.

पतंग वर गेला, नाक खाली करून आला, झटका, पाठीवर पडला. एक. दोन. आणि डाव्या कुशीवर वळला, धप्प.

"डावीकडे ओढतो," बेरिल म्हणाली. पण या वेळी ते सांगितल्यासारखं नव्हतं, विचारल्यासारखं होतं.

"माझे पतंग ओढत नाहीत," सिरिल म्हणाला. "मीच शिवलाय."

मग त्याने खिशातून एक जुना स्क्रूड्रायव्हर काढला आणि वाळूत ठोकला. दोऱ्यांची पतंगाकडची टोकं त्यात अडकवली आणि हळूहळू ऐंशी फूट चालत दुसऱ्या टोकाला गेला, बेरिलच्या शेजारी. हातांत घालायचे दोन पट्टे धरून त्याने दोऱ्या ताणल्या. लाल पट्टा उजव्या हाताचा, काळा डाव्या हाताचा. ते एका रेषेत यायला हवे होते. काळा पट्टा तीन बोटं पुढे राहिला.

"डावी दोरी आखूड आहे," सिरिल म्हणाला.

दोऱ्या ताणून बघणं हा या खेळातला पहिला धडा. पण ज्या दोऱ्या डेरिकने बांधल्या त्या ताणून बघायचं कुणाच्या मनात कसं येणार? आणि बेरिलच्या तर मुळीच नाही. तिने गेली सहा वर्षं त्या फक्त गुंडाळल्या आणि उलगडल्या. डेरिकच्या गाठीला हात लावायचा नाही, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आम्हां सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"डेरिकच्या दोऱ्या आहेत त्या," ती म्हणाली. आवाज शाळेतला. "डेरिक चुकायचा नाही."

"तेच म्हणतोय मी," सिरिल म्हणाला.

ती तरातरा टपरीकडे आली आणि माझ्या खुर्चीवर बसली. मी मध्ये न पडता चहा ठेवला. सिरिल पाठोपाठ आला, त्याला वेळ लागला, गुडघे. काळ्या पट्ट्याचं टोक त्याने तिच्यासमोर फळीवर ठेवलं आणि चष्मा लावून बघायला सांगितलं. तिथे एक गाठ होती, आणि तिच्या पुढे, अगदी नीटस, आणखी एक.

"ही पहिली गाठ नेहमीची," सिरिल म्हणाला. "ही दुसरी मागाहून मारलेली आहे. घाईत नाही मारलेली. डेरिक एवढ्या नीट गाठी चुकून मारायचा नाही, बेरिल. त्याने डावी दोरी मुद्दाम आखूड केली. कधी आणि कशाला, ते तुला माहीत असणार."

बेरिल त्या गाठीकडे बघत राहिली. मग तिने डावं मनगट उजव्या हातात धरलं आणि मला कळलं. खरं तर आम्हां दोघींना एकदमच कळलं.

प्लास्टर निघालेला हात. आखडलेला, पुरता मागे न येणारा. डावा हात मागे येत नसेल तर पतंग उजवीकडे जाणार, सरळ चौकोन निघणारच नाही. म्हणून डेरिकने डावी दोरी तीन बोटं आखूड करून ठेवली, अगदी तिच्या हाताला जेवढं कमी पडत होतं तेवढी. आणि पतंग सरळ गेल्यावर म्हणाला, बघ बेरिल, हात विसरत नाही. पुढे हात हळूहळू बरा झाला, तसतसा तो त्या आखूड दोरीला सांभाळून घ्यायला शिकला. चौकोन निघत राहिले. डेरिक सांगायचं विसरला, की सांगायचं लांबवत राहिला, की त्याला सांगायचंच नव्हतं, देव जाणे.

"लबाड," बेरिल म्हणाली. "लबाड माणूस. आठ वर्षं मी गावभर सांगत फिरले."

आणि ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता त्यातलं थोडं पाणी दुसऱ्या प्रकारचं झालं, मग परत पहिल्या प्रकारचं. मी तिला चहा पुसायचं फडकं दिलं, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. मीही तेच वापरलं.

अंगण खरंच वाकडं होतं.

सिरिलने शिडं शिवायची जाड सुई काढून पुढे केली. स्वतः गाठ सोडली नाही. बेरिलने बराच वेळ सुई नुसतीच हातात धरली. मग वाकून, जीभ दातांत धरून, ती दुसरी गाठ उकलली. आठ वर्षांची गाठ, सहज सुटेना. सुटली तेव्हा दोरी तिथे वाकडीच राहिली. परत स्क्रूड्रायव्हर, परत ऐंशी फूट. काळा पट्टा आणि लाल पट्टा एका रेषेत आले, केसाचाही फरक नाही. पहिली गाठ डेरिकचीच होती ना.

तेवढ्यात क्लाइव्ह पुढे आला.

"म्हणजे माझा पतंग डावीकडे ओढत नव्हता?"

"नाही," बेरिल म्हणाली.

"मी त्याची कन्नी चार वेळा बदलली. जूनपासून तो उजवीकडे जातोय. मला वाटलं, मलाच झटका-बिटका येऊन गेला की काय."

गिल्यन म्हणाली की तिलाही तसंच वाटलं होतं, म्हणून ती चष्म्याचा नंबर तपासून आली, आणि नवा चष्माही केला. मग एकेक जण बोलू लागला. सबंध उन्हाळाभर किनाऱ्यावरचे अकरा पतंग उजवीकडे जात होते आणि अकरा माणसं गुपचूप स्वतःला दोष देत होती, कारण बेरिल म्हणाली होती. मला इतकं हसू आलं की मी लोण्याची सुरी चहाच्या किटलीत टाकली.

पुढच्या रविवारी बेरिलने काकवी आणि आलं घालून केलेला पार्किन केक आणला, मोठ्या ट्रेमध्ये, शाळेच्या मापाने, तीनशे पोरांना पुरेल इतका. ज्याच्या त्याच्या हातात तुकडा दिला आणि प्रत्येकाला एकच वाक्य: "तुझा पतंग बरा होता." तिच्या तोंडून यापेक्षा मोठी माफी निघणं शक्य नव्हतं, आणि सगळ्यांना ते कळत होतं. क्लाइव्हने दोन तुकडे घेतले, एक पतंगाच्या नावाने.

सगळ्यांनी कन्न्या पूर्ववत केल्या, आणि मग सिरिलचा धरून बाराही पतंग नव्याने उडवून बघणं आलं. सरळ दोऱ्यांवर. पण आता बेरिलचा हात जुनाच होता, आठ वर्षांच्या सवयीचा, आणि पहिले दोन दिवस प्रत्येक पतंग उजवीकडे जाऊ लागला. किनाऱ्यावर सगळ्यांनी आपापल्या कन्न्या मुठीत धरल्या. "हात लावू नका," बेरिल ओरडली. "या वेळी मीच आहे." ती रोज येऊ लागली. सकाळी ओहोटी असली तर सकाळी, संध्याकाळी असली तर संध्याकाळी. हाताला म्हणायची, सोड, सोड आता, लाड पुरे झाले. बारांपैकी शेवटी तिला क्लाइव्हचा लाल आणि सिरिलचा राखाडी असे दोन पसंत पडले. लाल जलद झोपायचा पण झोप हलकी. राखाडी आळशी होता, झटका दिल्यावर जरा विचार करायचा, पण एकदा आडवा झाला की उठायचं नाव नाही.

"डेरिकसारखा," ती म्हणाली, आणि निवड झाली.

मेळ्याच्या दिवशी वारा चांगला होता, समुद्रावरून सरळ येणारा. ॲलिसन डर्बीहून आली होती, हातात घरांच्या दलालाचं कार्ड घेऊन, बिचारी चांगली मुलगी आहे. बेरिल राखाडी पतंग घेऊन मैदानात उतरली. पतंग वर गेला, वळला, नाक खाली करून आला. झटका. हात पुढे.

पतंग पाठीवर झोपला. क्लाइव्ह मोठ्याने आकडे मोजू लागला. चार. पाच. बेरिलची बोटं अगदी बारीक हलत होती, जणू कढईत काही ढवळत होती. सात. आठ. पतंग डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही, नुसता पडून राहिला, पिवळी पट्टी उन्हात, नाक आमच्याकडे. बारापर्यंत मोजून क्लाइव्हचा आवाज फाटला आणि गिल्यनने पुढचे आकडे घेतले. एकोणीसला बेरिलने स्वतःच त्याला उठवलं आणि अलगद दोन पंखांवर वाळूत उभा केला.

ॲलिसन रडत होती. आईला मिठी मारली, आणि ते कार्ड परत पर्समध्ये टाकलं. मग तिने विचारलं, इतक्या वर्षांनी, या वयात, हे जमलं कसं?

बेरिलने पट्टे हातांतून काढले. सिरिलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आमच्यापैकी कुणी तोंड उघडतंय का ते बघितलं. कुणी उघडलं नाही.

"हात विसरत नाही," ती म्हणाली, आणि चहा मागायला एक बोट वर केलं.